८३० एचपीचा ट्रॅकवाला ट्रॅक्टर आणि आपलं सोलापूरचं रान

मोहोळ तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की जॉन डिअरच्या ८३० एचपीच्या चार ट्रॅकवाल्या, म्हणजे चाकांऐवजी चार रबरी पट्ट्यांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरचा व्हिडिओ बघितल्यापासून गावात दोन तट पडलेत. निम्मे म्हणतात असलं मशीन कारखान्याने नाहीतर शेतकरी गटाने आणलं पाहिजे, अख्खं शिवार एका दिवसात नांगरून मोकळं. निम्मे म्हणतात एवढं धूड रानात घातलं तर रानाचा दगड होईल. मग खरं काय, ट्रॅक आपल्याकडं चालतील का, आणि घरची १८ एकर अधिक भाड्याची कामं यासाठी त्यांनी ५० च्या जागी ७५ एचपी घ्यावा का.

दादा, प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे. मी आधी ट्रॅक्टरच्या वर्कशॉपला होतो आणि आता बरीच वर्षं माढा, मोहोळ, पंढरपूर या पट्ट्यात नांगरट, सबसॉयलर (नांगराखालचा कडक थर फोडणारं अवजार) आणि ऊसतोडणी मशीनची कामं करतोय, त्यामुळं जरा सविस्तरच लिहितो.

पहिल्यांदा मशीन काय आहे ते. ९आरएक्स ८३० हे मॉडेल २०२४ मध्ये जाहीर झालं, १८ लिटरचं सहा सिलेंडर इंजिन, रेटेड ८३० एचपी आणि जास्तीत जास्त ९१३ पर्यंत जातंय. धूर साफ करायला टाकतात तो युरिया म्हणजे डीईएफ त्याला लागत नाही. वजन ३० टनांच्या वर, किंमत तिकडं दहा लाख डॉलरच्या घरात, म्हणजे आपले आठ-नऊ कोटी. त्याच्या आदल्याच वर्षी केस आयएचचा क्वाडट्रॅक ७१५ आला होता, तोही चार ट्रॅकचा. एवढी ताकद जगात पहिल्यांदाच आली असं मात्र समजू नका, अमेरिकेत मोंटाना राज्यात १९७७ मध्येच बिग बड ७४७ बनवला होता, १६ सिलेंडरचं इंजिन, सुरुवातीला ७६० एचपी आणि नंतर वाढवून ११०० पर्यंत नेला, पण तो एकच नग होता आणि टायरवर होता. आता ही ताकद कंपनीच्या लाइनवर तयार होऊन शोरूममधून मिळायला लागलीय, हा फरक.

आता हे मशीन तिकडं लोक का घेतात ते नीट समजून घ्या, कारण आपल्याकडची निम्मी चर्चा इथंच चुकते. लोकांना वाटतं जास्त एचपी म्हणजे काम स्वस्त. तसं नाही. एक एकर काळं रान एक फूट खोल नांगरायला मातीलाच एक ठराविक ताकद लागते, ती ट्रॅक्टर कुठला आहे ते बघत नाही. मी जो हिशोब धरतो तो सांगतो. आपल्या काळ्या मातीत पलटी नांगराच्या फाळापुढं उभ्या असलेल्या मातीच्या दर चौरस सेंटिमीटरला साधारण पाऊण ते एक किलोचा ओढा लागतो, रान वाळून कडक झालं असेल तर त्याहून जास्त. त्यावरून एकरी काढलं तर इंजिनकडून ४४ युनिटच्या आसपास ऊर्जा आणि १० ते ११ लिटर डिझेल येतंय. तुमच्या ५० एचपीला पण तेवढंच जातंय ना? ८३० वाल्याला त्याच खोलीला थोडंफार कमी जाईल कारण त्याची स्लिप, म्हणजे पुढं न सरकता जागेवर घसरणं कमी, पण निम्मं काही होणार नाही. फुल लोडवर तो तासाला दीडशे लिटरच्या पुढं डिझेल पितो, डिझेल ९० रुपये धरलं तर तासाला साडेतेरा-चौदा हजार रुपये, आणि त्या बदल्यात तासाला पंधरा एकर नांगरेल. म्हणजे डिझेल एकरी जवळजवळ तेच. वाचतो तो ड्रायव्हर आणि वाचतो तो वेळ. ज्याच्याकडं हजारो हेक्टर सलग रान आहे, पेरणीला हातात दोन-तीन आठवडे आहेत आणि ड्रायव्हर शोधून मिळत नाही, त्याला एका माणसावर साठ-साठ फुटांचं पेरणी यंत्र ओढून घ्यायचंय, त्याच्यासाठी हे मशीन केलंय.

आणि तिकडं पण सगळे खूश आहेत असं नाही बरं का. तिथल्या शेतकऱ्यांत पण हाच वाद आहे, की आठशेचा एक घ्यायचा का चारशेचे दोन. एक बंद पडला तर पेरणीच्या भर हंगामात सगळंच बंद, दोन असले तर निम्मं तरी चालू राहतं. त्यात दुरुस्तीचं सॉफ्टवेअर कंपनीच्या ताब्यात असतंय हा त्यांचा फार जुना राग आहे, जानेवारी २०२५ मध्ये तर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याच मुद्द्यावर जॉन डिअरवर दावा लावला. मी हे कंपनीला नावं ठेवायला सांगत नाही, मशीन चांगलंच आहे. पण आपल्याकडं मशीन बंद पडलं की ड्रायव्हर आणि गावचा मिस्त्री मिळून संध्याकाळपर्यंत चालू करतात, या गोष्टीची किंमत आपण धरतच नाही, ती धरायला पाहिजे.

आता आपल्या रानात आणू. सलग दोन एकराचा तुकडा घ्या, म्हणजे ८० मीटर रुंद आणि १०० मीटर लांब, आपल्याकडं हा बऱ्यापैकी मोठाच तुकडा म्हणायचा. साठ फूट म्हणजे १८ मीटरचं अवजार लावलं तर पाच तासांत रान संपलं, तास म्हणजे घड्याळाचा नाही, नांगराचा तास, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची एक ओढ. ताशी १० किलोमीटरने १०० मीटरला ३६ सेकंद, म्हणजे काम एकूण तीन मिनिटांचं. पण एवढं धूड आणि मागं एवढं लांब अवजार वळवायला दोन्ही टोकाला वीस-वीस मीटर मोकळं पाहिजे, म्हणजे शंभरातलं चाळीस मीटर वळण्यातच गेलं. तीन मिनिटं काम आणि त्यापेक्षा जास्त वेळ वळण. मग अवजार दुमडा, शेजारच्या बांधावरून जायचं का त्याला विचारा, पुढच्या तुकड्यात परत उघडा. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्राची सरासरी जमीन धारणा १.३४ हेक्टर निघाली होती, म्हणजे सव्वातीन एकर, आणि ती पण एका जागी नसते, भावाभावांत वाटणी झाली की लांबट पट्ट्या पडतात.

बांधाच्या पुढचा प्रश्न रस्त्याचा. पाणंदीतून ऊसाची ट्रॉली कशी निघते ते आपण बघतोच, तिथं हे तीन मीटर किंवा त्याहून रुंद आणि ३० टनांच्या वरचं मशीन न्यायचं, उजनीच्या कालव्यावरच्या छोट्या पुलांवरून, ओढ्याच्या मोऱ्यांवरून. डांबरी रस्त्यावर रबरी ट्रॅक तापतो आणि झिजतो, म्हणून लांबचं असलं की लोबेडवर, म्हणजे बुटक्या ट्रेलरवर घालून न्यायचं. कोण आणणार आणि कोण फिरवणार. त्यामुळं कारखान्याने आणावं म्हणणाऱ्यांना माझं प्रामाणिक उत्तर हे की नको, कारखान्याचा पैसा त्यापेक्षा चांगल्या ठिकाणी लागू शकतो, ते पुढं सांगतो.

तरी एक गोष्ट त्यांची खरी आहे, आणि ती मी मनापासून मान्य करतो, ती म्हणजे वाफसा, रान ना चिखल ना कोरडं अशी पेरणीजोगी ओल. आपल्याकडं ज्वारीची पेर उत्तरा-हस्तात, परतीचा पाऊस झाला की चार-सहा दिवस रान वाफशावर असतंय. काळी माती ओली असताना घुसलं तर चिखल टायरला चिकटून चाक नुसतं गोल फिरतं, आणि आठवडा उशीर केला तर वरची ओल उडते, भेगा पडायला लागतात, ढेकळं निघतात. त्या चार दिवसांत प्रत्येकाला ट्रॅक्टर पाहिजे असतो, आणि ट्रॅक्टरवाल्याचा फोन तेव्हा लागत नाही. ही घाई खरी आहे. पण बघा, गावात चाळीस ट्रॅक्टर असतील आणि सरासरी ४५ एचपी धरली तर १८०० एचपी गावात आत्ताच उभी आहे, तीही चाळीस वेगवेगळ्या तुकड्यांत एकाच वेळी घुसू शकणारी. आपल्याला कमी पडते ती पेरणीची अवजारं आणि आधी ठरवून घेतलेली पाळी. ट्रॅक्टर चाळीस आणि चांगलं पेरणी यंत्र तीन, अशी परिस्थिती मी किती गावांत बघतो.

आता दुसऱ्या बाजूचं, रानाचा दगड होईल म्हणणाऱ्यांचं. इथं जरा नीट लक्ष द्या, कारण यात अर्धं खरं आहे आणि अर्धं एकदम उलटं आहे.

चार ट्रॅक, प्रत्येक ट्रॅक ३० इंच रुंद धरा आणि साधारण दोन मीटर लांबीने जमिनीला टेकलेला. एका ट्रॅकखाली दीड चौरस मीटर, चारखाली सहा. ३३ टन भागिले सहा, म्हणजे चौरस मीटरला साडेपाच टन, चौरस सेंटिमीटरला साधारण अर्धा किलो, टायरची हवा ज्या मापात मोजतात त्या पीएसआयमध्ये आठ. आपल्या बैलाच्या खुराखाली यापेक्षा जास्त दाब पडतो. रोलरच्या बरोबर खाली दाब सरासरीपेक्षा वाढतो हे खरं, तरी वरच्या थराला हे मशीन वजनाच्या मानाने फार हलकं.

आता तुमच्या ऊसाच्या ट्रॉलीचं बघा. ट्रॉलीच्या टायरमध्ये हवा किती असते? ५५-६० पीएसआय तर सर्रास. टायरखाली जमिनीवर पडणारा दाब ढोबळमानाने टायरमधल्या हवेएवढाच असतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला चार किलो. त्या ८३० वाल्याच्या सात-आठ पट! व्हिडिओतल्या धुडाला नावं ठेवणारा माणूस तोडीच्या वेळी ओल्या रानात भरलेल्या दोन ट्रॉल्या सरीवरून ओढून काढतो, आणि अडकली की पुढं दुसरा ट्रॅक्टर नाहीतर जेसीबी लावतो.

यात खरं असलेलं अर्धं असं. वरच्या सहा-आठ इंचात काय होणार ते दाबावर ठरतं, पण त्याच्या खाली दीड-दोन फुटावर काय होणार ते एका एक्सलवर एकूण वजन किती यावर ठरतं. ट्रॅक लावा नाहीतर रुंद टायर लावा, ३३ टन दोन एक्सलवर म्हणजे एकेकावर सोळा-सतरा टन, ते कुठं जाणार, खालीच जाणार. ओल्या मातीत एक्सलवर पाच-सहा टनांच्या वर गेलं की दाब नांगराच्या तळाखाली उतरायला लागतो, आणि तिथला थर नांगराने फुटत नाही. त्यामुळं ट्रॅक म्हणजे माती दबत नाही असं जे कोण सांगतं ते अर्धवट सांगतंय. आपल्या काळ्या मातीचं नशीब एवढंच की ती उन्हाळ्यात भेगाळते आणि फुगते-आकसते, त्यात थोडंफार आपोआप सुटतं. पण ज्या रानाला बारमाही ऊसाचं पाणी आहे, ते पुरतं वाळतच नाही, मग भेगा कुठून पडणार.

हे तुम्ही स्वतः बघा, माझं ऐकून सोडून देऊ नका. ऊस तुटल्यावर ट्रॉली गेलेल्या चाकोरीत कुदळीने दीड फूट खणा आणि त्याच्या बाजूला पाच-सहा फुटावर, जिथं चाक गेलं नाही तिथं दुसरा खड्डा घ्या. न गेलेल्या ठिकाणी माती हातात घेतली की ज्वारीच्या कण्यासारखी फुटते, बारीक मुळं सगळीकडून लोंबकळलेली असतात. चाकोरीत वरची चार बोटं जरा मोकळी, त्याखाली कुदळ टणकन आवाज करते, आणि जो तुकडा निघतो तो आडवा, पापुद्र्यासारखा, कापलेली बाजू चमकते. खोडव्याची, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यातून फुटलेल्या ऊसाची मुळं त्या थरापर्यंत सरळ आलेली दिसतात आणि तिथून काटकोनात आडवी वळलेली. खत कितीही टाका, ड्रिप कितीही चालवा, ते मूळ त्या थराखाली जात नाही. खोडवा का बसला म्हणून लोक बियाण्याला आणि मुळं खाणाऱ्या हुमणी अळीला दोष देतात. हुमणी पण असते, नाही असं नाही, पण हा आडवा थर कोणी खणून बघत नाही.

म्हणून माझं ठाम मत असं आहे की त्या व्हिडिओतून आपण एचपी बघतोय आणि खरी शिकण्यासारखी गोष्ट ट्रॅक आहे. आपल्याला ८३० काय, १३० एचपीच्या नांगरट ट्रॅक्टरची पण गरज फार थोड्या ठिकाणी आहे. पण ट्रॅकची गरज आहे, ती ऊसतोडणी मशीनला. सोलापूर जिल्ह्यात तीसच्या वर साखर कारखाने आहेत, तोडणी मजूर दरवर्षी कमी होतायत, मशीन वाढणारच. लहान मशीनसुद्धा दहा टनांच्या पुढंमागं असतं, मोठं त्याहून बरंच जड, आणि ते प्रत्येक सरीतून जातं, एक सरी सोडत नाही. ते मशीन ट्रॅकवर असेल, सरी पाच फुटाची असेल आणि मशीन सरीच्या बरोबर मधून चाललं तर ऊसाचं बुडखं वाचतं. सरी तीन-साडेतीन फुटाची असली तर ट्रॅक असो का टायर, बुडख्यावरूनच जाणार. त्यापेक्षाही वाईट भाग मशीनच्या शेजारून चालणारा ट्रॅक्टर आणि ट्रॉली, कारण हार्वेस्टर दहा-अकरा टनांचा असला तरी त्याच्या मागं-पुढं भरलेली ट्रॉली बारीक टायरवर पळत असते. इनफिल्डर म्हणजे रानात फिरून भरून बांधावर गाडीत ओतणारी टिपिंग ट्रॉली, तिला रुंद, कमी हवेचे टायर लावायचे, आणि रस्त्यावरची ट्रॉली रानात येऊच द्यायची नाही. कारखान्याचा पैसा इथं लागावा असं मला वाटतं. तोडणी यंत्राला सरकारने किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख यातलं जे कमी असेल ते, असं अनुदान दिलेलं आहे, पण इनफिल्डरच्या टायरकडं कोणाचं लक्ष नाही.

ट्रॅक आपल्या देशाला नवीन आहेत असं पण नाही. स्वातंत्र्यानंतर कांस या चिवट गवताने भरलेल्या जमिनी मोडायला भारत सरकारने १९४९ मध्ये जागतिक बँकेचं कर्ज काढून ट्रॅक्टर आणले होते, सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशनने ते मध्य भारतात चालवले, त्यात मोठमोठे लोखंडी पट्ट्याचे क्रॉलर होते. आज भात पट्ट्यात चिखलातून चालणारे कापणी-मळणीचे हार्वेस्टर रबरी ट्रॅकवरच असतात. जिथं चिखल आहे, वजन आहे आणि रस्त्यावर पळायचं नाही तिथं ट्रॅकला तोड नाही.

पण ट्रॅक्टरला ट्रॅक, तो पण आपल्या जिल्ह्यात, इथं मी नको म्हणेन, आणि कारण एकदम साधं आहे. आपला ट्रॅक्टर निम्मा वेळ रस्त्यावर असतो. नांगरट झाली की ट्रॉली, ट्रॉली झाली की टँकर, मग सिमेंट-वाळू, मग पंढरपूरची वारी. डांबरावर ट्रॅकचं आयुष्य आणि पैसे दोन्ही जातात. दुसरं म्हणजे आपली सगळीच जमीन काळी खोल नाही, सांगोला, मंगळवेढ्याचा काही भाग, माळशिरसची वरची बाजू, तिथं फुटभर मातीखाली मुरूम आणि दगड, डाळिंब तर तसल्याच हलक्या रानात चांगलं येतं. दगडावर रबराच्या कडा कापल्या जातात, आणि दोन ओळींतल्या मोजक्या जागेत दोन ट्रॅकवालं मशीन जागेवर वळवलं तर ते वळताना माती खरवडून बाजूला ढीग लावतं. चार ट्रॅकवालं मधून दुमडून वळतं त्याला हा त्रास कमी, पण ते डाळिंबाच्या ओळीत मावणारच नाही. डाळिंबाला तुमचा २०-२५ एचपीचा छोटाच बरा.

आता तुमचा खरा प्रश्न, ५० का ७५.

पहिली गोष्ट, नांगराला एचपी कमी पडते असं वाटतं तेव्हा दहातल्या सात वेळा एचपी कमी पडलेलीच नसते, वजन आणि पकड कमी पडलेली असते. दोन फाळी पलटी नांगर, एक फूट खोल, दोन फूट रुंद, ओढा येतो १४०० ते १५०० किलो. तुमच्या ५० एचपीचं वजन सव्वादोन टन. टायरवर ट्रॅक्टर आपल्या वजनाच्या साधारण निम्म्याएवढा ओढा आरामात देतो, त्याच्या वर गेलं की मागची चाकं रान उकरायला लागतात. ताशी चार किलोमीटरने हा ओढा ओढायला नांगराच्या टोकाला २१-२२ एचपी लागते, ती ५० च्या इंजिनात आहे, पण चाकातून जमिनीत उतरत नाही. ट्रॅकचा फायदा तिकडं हाच आहे, त्याच वजनात जास्त ओढा आणि स्लिप अगदी थोडी, टायरवर १० ते १५ टक्के चांगली समजायची.

तुमची स्लिप किती आहे ते मोजा, याला कुठलं यंत्र लागत नाही. मागच्या टायरवर खडूने रेघ मारा. त्याच रानात नांगर उचलून, ज्या गिअरमध्ये नांगरता त्याच गिअरमध्ये चाकाचे दहा फेरे होऊ द्या आणि अंतर टेपने मोजा, समजा ४२ मीटर आलं. मग नांगर टाकून दहा फेरे, समजा ३४ मीटर. आठ मीटर गेले, म्हणजे १९ टक्के स्लिप, म्हणजे डिझेलचा जवळजवळ पाचवा हिस्सा टायर झिजवण्यात. अशा वेळी ७५ एचपी घेण्याआधी मागच्या टायरमध्ये पाणी भरा, पुढं वजनं लावा, टायरची गुटली झिजली असेल तर टायर बदला, आणि टॉप लिंक, म्हणजे नांगर ट्रॅक्टरला जोडणारा वरचा दांडा, नीट लावा म्हणजे नांगराचं वजन मागच्या चाकावर येतं. टॉप लिंकचं भोक बदललं की फरक पडतो हे मी लोकांना रानात उभं राहून दाखवतो, तरी परत पुढच्या वर्षी तेच. आणि नांगरट झाली की पेरणीला जाताना पुढची वजनं काढायची, ओझं घेऊन पेरणीला जायचं नाही.

स्लिप १५ च्या आत आणली, तरी इंजिन दबतंय, काळा धूर सोडतंय, गिअर खाली घ्यावा लागतोय, तर मग खरंच एचपी कमी आहे, तेव्हा मोठ्याचा विचार करा. त्यातही एक गोष्ट ध्यानात ठेवा. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरला धुराच्या प्रदूषणाचा ट्रेम स्टेज ४ हा नियम लागू झालाय, म्हणजे कॉम्प्युटरने डिझेल सोडणारं कॉमन रेल इंजिन, सेन्सर, ईसीयू म्हणजे तो कॉम्प्युटर, आणि किंमत एकदम उडी मारते. म्हणून तर कंपन्यांनी ४९-साडेएकोणपन्नासची मॉडेलं भरून काढलीत. ७५ चा फोर व्हील ड्राइव्ह चौदा-पंधरा लाखांपासून पुढंच जातो, काही कंपन्यांचा तर वीसच्या वर. मिस्त्रीला लॅपटॉप लागतो आणि सर्व्हिस सेंटर मोहोळपासून किती लांब आहे ते घेण्याआधीच बघा.

७५ चा हप्ता निघायला वर्षाला आठशे ते हजार तास जड काम पाहिजे. घरच्या १८ एकरात ते होणार नाही, म्हणजे सगळं भाड्यावर. मग शेजारच्या पाच-सहा गावांत ७५ लागेल असलं काम किती आहे ते आधी लिहून काढा, म्हणजे सबसॉयलर, तीन फाळी पलटी, ऊसाचं पाचट कुट्टी करणारं मल्चर, सात-आठ फुटी रोटाव्हेटर. नुसती कुळवणी, सरी आणि पेरणी असेल तर पन्नासवाला तुमच्यापेक्षा स्वस्तात करून जाईल. माझ्या मते भाड्याच्या धंद्यात सबसॉयलर हा आपल्या ऊस पट्ट्यात सगळ्यात कमी वापरलेला आणि सगळ्यात गरजेचा आहे, ऊस मोडल्यानंतर एप्रिल-मे मध्ये रान पूर्ण वाळलेलं असताना मारायचा तेव्हाच तो आडवा थर तडकतो. ओल्यात मारला तर खाली नुसती नळी पडते आणि कडा गुळगुळीत होतात, पैसे वाया. त्या एका कामासाठी ७५ चा फोर व्हील खरंच कामाला येतो, कारण पन्नासला तो दीड-दोन फुटावर ओढवत नाही.

फोर व्हील ड्राइव्ह मात्र घ्याच, टू व्हीलच्या ७५ पेक्षा फोर व्हीलचा ५५ मी कधीही पसंत करेन. आणि टायरची हवा. रानात नांगरताना मागच्या टायरला १२ ते १४ पीएसआय पुरते, कंपनीच्या तक्त्यात तुमच्या टायरचं आणि वजनाचं बघून ठरवा, आपल्याकडं सगळे २०-२५ भरून फिरतात कारण ट्रॉलीला लागते. पंक्चरवाल्याकडून गेज घ्या, कॉम्प्रेसर घरी ठेवा, रानात जाताना कमी करा, रस्त्याला निघताना वाढवा. कमी हवेत टायर जास्त लांबीने टेकतो, त्याच ट्रॅकवाल्या तत्त्वाने, आणि हे फुकट आहे.

तुमच्या १८ एकरात ऊस किती, ज्वारी किती, सरी किती फुटाची, आणि मुरूम किती फुटावर लागतो ते कळवा. स्लिपचे दोन्ही आकडे पण पाठवा, मग दोन फाळी ठेवायचा का तीन फाळी घ्यायचा ते नक्की सांगता येईल.